अकरा पॉइंट, दोन उलट्या आणि पुढची सहल

प्रिय ताई,
आम्ही कोथरूडला राहतो. मी, मिस्टर, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण फिरायची हौस दांडगी. मागच्या वर्षी दोन रात्री महाबळेश्वरला गेलो. मिस्टरांनी एक्सेलमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचा तक्ता केला होता. अकरा पॉइंट झाले. पसरणी घाटात धाकट्याला दोनदा उलटी झाली, सासूबाई निम्मा वेळ गाडीतच बसून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी जेवताना मुलीने विचारलं, "आपण घरी कधी जायचं?" परतताना वाई ते पुणे आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

आता २६ जानेवारी सोमवारी आली आहे, तीन दिवस जोडून मिळतात. मिस्टर म्हणतात वेरूळ-अजिंठा करू, गाडी आहेच. सासूबाईंना कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घ्यायचंय. मुलीला मुंबई बघायचीय. तिच्या वर्गातली मुलं दुबई-सिंगापूर करून आली आणि हिने मुंबईसुद्धा लग्नाच्या हॉलपलीकडे पाहिलेली नाही. बजेट पंचवीस हजारांच्या आसपास. कुठे जावं? सासूबाईंना दगदग होते, तर त्यांना नणंदेकडे ठेवून जावं का, की ते वाईट दिसेल? मुलीची शाळा एक दिवस बुडाली तर चालेल का? आणि खरं सांगू का, मला एकदा तरी सहलीला जाऊन नुसतं बसायचंय.
— एक दमलेली आई, पुणे

*

लेकीचं ऐका. मुंबईला जा. गाडी घरी ठेवा, रेल्वेने जा आणि २६ जानेवारीला अजिबात जाऊ नका.

आता कारणं. आधी महाबळेश्वरचं बघू, कारण तिथे नेमकं काय बिघडलं हे कळल्याशिवाय मुंबईचंही महाबळेश्वर होईल. तुमच्या मिस्टरांच्या तक्त्यात अंतरं बरोबर असणार, मला शंका नाही. पण चार वर्षांच्या मुलाला बूट घालायला किती वेळ लागतो, पार्किंगपासून कठड्यापर्यंत सासूबाई किती वेळात पोहोचतात, आणि "आत्ता नाही आली" म्हणणाऱ्याला गाडी सुरू झाल्यावर शू कशी येते, याचे रकाने त्यात नसतात. शिवाय पॉइंट ही मुळात मोठ्यांची करमणूक आहे. कठड्यापाशी उभं राहायचं, दरी बघायची, फोटो काढायचा. धाकट्याच्या वाट्याला काय येतं? आईने मनगट घट्ट धरलेलं आणि "पुढे जाऊ नको" हे एकच वाक्य, अकरा वेळा. त्याला वेण्णा तलावापाशी घोड्यावर बसवून नंतर एक मक्याचं कणीस हातात दिलं असतं, तर त्याचं महाबळेश्वर पूर्ण झालं असतं.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली की सहलीचा जीव मुक्कामाच्या खोलीत असतो, प्रेक्षणीय स्थळांत नव्हे. म्हणून आधी खोली ठरवा, मग यादी करा. जे काही बघायचं ते खोलीपासून पंधरा-वीस मिनिटांत असलं पाहिजे, म्हणजे दुपारी एक वाजता कुणालाही परत येऊन आडवं होता येईल. एवढी एक अट पाळली की धाकट्याची झोप, सासूबाईंचे गुडघे आणि तुमचं बसणं, तिन्ही एकदम सुटतं. तुमच्या तिन्ही पर्यायांना हीच अट लावून बघू.

वेरूळ-अजिंठा. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. वाटेत दोनदा थांबलात की गाडीने सहा तास धरा. तिथून वेरूळ तीस किलोमीटर, पण अजिंठा शंभर, तेही वेगळ्या दिशेला. अजिंठ्याला आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर लावून एसटीच्या बसने आत जायचं, मग पायऱ्या, मग लेणी. चित्रं जपायची म्हणून आत उजेड मंद. तुम्ही पद्मपाणीचं चित्र शोधत असाल तेव्हा धाकटा "घरी चला" म्हणत असेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. बरं, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. म्हणजे तुमच्या जोडून आलेल्या सुट्टीतला सोमवार अजिंठ्यासाठी तसाही वाया गेला होता. मिस्टरांच्या तक्त्यात हे आलं होतं का, ते जरा विचारा. हळूच विचारा.

वेरूळ मात्र मनातून काढू नका. दोन वर्षांनी, लेक अकरा-बारा वर्षांची झाली की फक्त वेरूळसाठी जा. सोळा नंबरचं कैलास लेणं प्रवेशद्वारातून आत गेल्यावर समोरच आहे, फार चालावं लागत नाही. अख्खं देऊळ डोंगर वरून खाली कोरत आणून काढलंय, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी, हे त्या वयाच्या मुलीला सांगितलं की ती तासभर हलत नाही. दुसऱ्या दिवशी देवगिरीचा किल्ला, त्यातली अंधारी वाट आणि वटवाघळं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट नसतं, तेव्हा घाईने आत्ताच उरकण्यात पैशांचाही फायदा नाही.

कोल्हापूर चांगलंच आहे, पण सव्वादोनशे किलोमीटर गाडीत बसून पुन्हा दर्शनाच्या रांगेत उभं राहणं या वयाच्या मुलाला जमणार नाही. सुट्टी जोडून आली की ती रांग किती वाढते हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांना आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, मुलांशिवाय, तुम्ही किंवा मिस्टरांनी एकट्याने घेऊन जा. ती वेगळी सहल आहे आणि त्यांना ती तशीच जास्त आवडेल.

राहिली मुंबई. आपण पुणेकर मुंबईला कामासाठी, लग्नासाठी किंवा विमान पकडायला जातो. पर्यटक म्हणून जायचं आपल्या मनातच येत नाही. खरं तर फोर्ट ते कुलाबा एवढ्या तुकड्यात मुलांना घेऊन दोन रात्री राहण्यासारखं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही. फूटपाथ आहेत, टॅक्सी हात केला की थांबते, समुद्र आहे, संग्रहालय आहे, आणि बहुतेक सगळं एकमेकांपासून चालत किंवा दहा मिनिटांच्या टॅक्सीवर.

आणि मुंबईला जायची गाडीच निम्मी सहल आहे. डेक्कन क्वीनने जा. १९३० सालापासून धावतेय. सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते, साडेदहाच्या आत सीएसएमटीला. तिला खाण्याचा वेगळा डबा आहे, ज्यात टेबलाशी बसून ऑम्लेट, कटलेट, चीज टोस्ट मागवता येतो. चालत्या गाडीत खुर्चीवर बसून नाश्ता करणं म्हणजे काय मौज असते ते धाकट्याचं तोंड बघून कळेल. जागा मर्यादित असतात, म्हणून गाडी सुटल्यावर लगेच दोघा मुलांना घेऊन एकाने तिकडे जाऊन बसायचं. लोणावळा सुटलं की लेकीला बोगदे मोजायला लावा. दुसऱ्या बाजूने मिस्टरांनाही मोजू द्या. दोघांचे आकडे जुळणार नाहीत आणि त्यावर कर्जतपर्यंत वाद रंगेल. घाट जातानाच नीट बघून घ्या. परतीची क्वीन संध्याकाळी पाच दहाला निघते, जानेवारीत कर्जतच्या पुढे अंधार असतो.

तिकिटाचं एक लक्षात ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मग त्याला जागाही मिळत नाही. तीन तास मांडीवर घेऊन बसायचं असेल तर ठीक, नाहीतर त्याचंही पूर्ण तिकीट काढा. मी तर काढाच म्हणेन. तुम्हाला बसायचंय ना?

घाटात उलटी होण्याचा प्रश्नही रेल्वेने बराचसा मिटतो, कारण रस्त्यासारखी झटक्याची वळणं नसतात. पण पुढे कधी गाडीने जाल तेव्हासाठी सांगते. वळणावर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो "आपण हलतोय", आणि डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असतात ते सांगतात "आपण स्थिर आहोत". या गोंधळातून मळमळ होते. दोन ते बारा या वयात हा त्रास जास्त दिसतो, पुढे बहुतेकांचा कमी होतो. म्हणून घाटात मोबाइल बंद, चित्रांचं पुस्तकही बंद, नजर लांबवर, खिडकी थोडी उघडी. निघण्याआधी पोटभर दूध-पोहे नकोत आणि अगदी उपाशीही नको. कोरडी पोळी किंवा दोन बिस्किटं. औषध द्यायचं असेल तर मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून मात्रा विचारून घ्या, मोठ्यांची अर्धी गोळी मोडून देऊ नका. आणि प्लास्टिकची पिशवी, ओला टॉवेल, एक जोडी कपडे मागच्या डिकीत नव्हे, हाताशी.

आता खोली. तुमच्या पंचवीस हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे खोल्यांवर गेले तरी डगमगू नका. दक्षिण मुंबईत खोल्या महाग आणि लहान असतात. अंधेरीला किंवा नवी मुंबईला याच पैशांत मोठी खोली मिळेल, पण मग रोजचे दोन-तीन तास प्रवासात जातील आणि दुपारची झोप संपली. दोन साध्या खोल्या शेजारी-शेजारी घ्या. एकीत तुम्ही दोघं आणि धाकटा, एकीत सासूबाई आणि लेक, असं किंवा हवं तसं. ऑनलाइन फोटो बघून ठरवू नका, फोन करा. लिफ्ट आहे का आणि ती चालू आहे का, कमोड आहे का, खोलीला खिडकी आहे का (फोर्टातल्या काही जुन्या इमारतींत नसते), आणि खोली सोडल्यावर संध्याकाळपर्यंत सामान ठेवून घेतील का. या चार प्रश्नांना जो माणूस कंटाळून उत्तरं देईल तिथे जाऊ नका.

शुक्रवारी सकाळी निघा, रविवारी संध्याकाळी परत. शाळेचं विचारलंत ना? चौथीतल्या मुलीचा एक शुक्रवार बुडाला तर काही बिघडत नाही. परीक्षा किंवा स्नेहसंमेलनाची तालीम नाही एवढं बघा, बाईंना दोन ओळींची चिठ्ठी द्या, आणि कारण खरं लिहा. ताप आला म्हणून लिहिलंत तर सोमवारी ती वर्गात राणीच्या बागेतल्या पेंग्विनची गोष्ट सांगणारच आहे. उलट २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदन असतं, ते बुडवायला मुलांना आवडत नाही. आणि त्या जोडसुट्टीत खंडाळ्याला एक्सप्रेसवे तुंबतो, रेल्वेची तिकिटं संपलेली असतात, हॉटेलं दर वाढवतात.

जानेवारीतला तिसरा रविवारही टाळा, त्या सुमारास मुंबई मॅरेथॉन असते आणि नेमके तुमचेच रस्ते बंद असतात. जानेवारी सरता सरता किंवा फेब्रुवारी लागता लागता काळा घोडा महोत्सव भरतो. मुलांसाठी त्यात छान कार्यशाळा असतात, पण संध्याकाळची गर्दी अशी की चार वर्षांच्या मुलाला फक्त लोकांचे गुडघे दिसतात. तेव्हा जानेवारीतला दुसरा आठवडा, नाहीतर सरळ फेब्रुवारीचा शेवट.

शुक्रवारी उतरल्यावर सीएसएमटी बाहेरून बघा, रस्ता ओलांडून पलीकडून. १८८८ साली पूर्ण झालेली इमारत आहे, भिंतींवर दगडी मोर, माकडं, पानंफुलं कोरलेली. लेकीला प्राणी शोधायला सांगा. पंधरा मिनिटं पुरेत. मग खोलीवर सामान, जेवण, झोप. चार वाजता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते सहाला बंद होतं, म्हणजे दोन तासच मिळतात, आणि तेवढेच हवेत. पूर्ण संग्रहालय बघायचा अट्टहास अजिबात नको. पेंढा भरलेले प्राणी आणि पक्षी, तलवारी-चिलखतं, आणि आवारातलं मुलांचं संग्रहालय (२०१९ साली सुरू झालंय), बास. सासूबाईंना तोवर बागेतल्या बाकावर बसायचं असेल तर बसू द्या, सक्तीने मूर्ती दाखवू नका. तिथून गेटवे चालत दहा मिनिटं. दिवे लागेपर्यंत तिथे रेंगाळा.

इथे मिस्टर म्हणतील, गेटवेला आलोच आहोत तर उद्या घारापुरीची लेणी करू. करू नका. लाँचला जायला तास, यायला तास, वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, वाटेत माकडं, आणि परत येईस्तोवर दुपार टळून जाते. धाकट्याला त्यातली फक्त लाँच आवडणार आहे. त्यासाठी गेटवेहूनच अर्ध्या-पाऊण तासाची बंदरातली फेरी मिळते, ती शनिवारी किंवा रविवारी करा. हिवाळ्यात बोटीमागे सीगल येतात. त्याच पाण्यात डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला जाणाऱ्या बोटीचा मोठा अपघात झाला होता, तेव्हा लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि धाकट्याला त्याच्या मापाचं, मागूनच घ्या. मापाचं नाही म्हणाले तर त्या बोटीत बसू नका. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

आणि घारापुरीचा हत्ती तुम्हाला बेटावर न जाताही दिसणार आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो दगडी हत्ती आता भायखळ्याला, राणीच्या बागेपाशी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना पडून त्याचे तुकडे झाले, आणि पुढे १९१४ साली ते इथे जोडले. त्याचे सांधे अजून दिसतात. नऊ वर्षांच्या मुलीला ही गोष्ट आधी सांगू नका, हत्तीसमोर उभं करून सांगा.

म्हणजे शनिवारी सकाळी राणीची बाग. सीएसएमटीहून धीमी लोकल, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. सकाळची गर्दी सीएसएमटीकडे येणारी असते, तुम्ही उलट निघालेले असता, म्हणून खिडकी मिळते. मुंबईची लोकल बघायची तर अशी. नऊ-साडेनऊला पोहोचा, थेट पेंग्विनकडे जा, कारण अकरानंतर तिथे रांग लागते. हे हम्बोल्ट पेंग्विन आहेत, २०१६ साली आणलेले. त्यानंतर वाघ, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, जुनी झाडं. सासूबाई यायच्या असतील तर टॅक्सीने येऊ द्या, बाग सपाट आहे आणि बसायला सावली भरपूर. एक वाजता खोलीवर परत, काहीही झालं तरी. बाग बुधवारी बंद असते. तुम्ही शनिवारी आहात म्हणून चिंता नाही, पण तारखा बदलल्यात तर विसरू नका. रविवारी मात्र लोकलचा विचार करायचा झाला तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद असण्याची, बातमी बघा.

शनिवारी संध्याकाळी सासूबाईंचा हट्ट पुरवा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मुंबईला चाललोय म्हटल्यावर सिद्धिविनायक निघणारच. शनिवार-रविवारी तिथली रांग मुलांना घेऊन नको. गिरगाव चौपाटीच्या जवळ बाबुलनाथ आहे, टेकडीवर देऊळ, आणि वर जायला लिफ्ट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला देवाच्या दारात लिफ्ट मिळणं ही काय चीज आहे ते त्याच जाणोत. फक्त महाशिवरात्रीच्या आसपास जाऊ नका. दर्शन करून खाली चौपाटीवर यायचं, धाकट्याने वाळू उकरायची, बाकीच्यांनी भेळ खायची, सूर्य साडेसहाच्या सुमारास बुडतो. येताना मरीन ड्राइव्हवरून टॅक्सीने. डबलडेकर बस दिसली आणि खोलीकडे जात असली तर वरच्या मजल्यावर पहिल्या सीटवर मुलांना बसवा. त्या आता विजेवरच्या वातानुकूलित आहेत, पण वर पुढे बसण्यातली ऐट तीच आहे. जेवणाचं फार डोक्यात घेऊ नका. गिरगावात पणशीकर, विनय हेल्थ होम अशी आपली ठिकाणं आहेत, साबुदाणावडा, थालीपीठ, पियुष; सासूबाईंचा उपास असला तरी अडणार नाही. एकदा धोबीतलावच्या किआनीमध्ये बन मस्का आणि चहा घ्या. १९०४ पासूनचं इराणी दुकान आहे, लेकीला तिथल्या खुर्च्या आवडतील.

रविवार मी मुद्दाम मोकळा ठेवलाय, आणि तो तुमचा आहे. सकाळी सातला मिस्टरांनी लेकीला घेऊन फोर्टात फिरायला जायचं. आठवडाभर माणसांनी फुललेला तो भाग रविवारी सकाळी रिकामा असतो. फ्लोरा फाउंटन, हॉर्निमन सर्कल, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, राजाबाई टॉवर, ओव्हलवर सुरू झालेलं क्रिकेट. त्यांच्या यादीतली सहा-सात ठिकाणं दीड तासात होतील आणि कुणी रडणार नाही. सासूबाई आणि धाकटा झोपलेले असतील. तुम्ही चहा मागवा आणि बसा. सगळ्यांनी सगळा वेळ एकत्र राहायचं हा सहलीचा नियम कुणी केला कोण जाणे. सासूबाई, नवरा, मुलं आणि सून यांना एकाच वेळी एकच गोष्ट आवडेल अशी जागा मला तरी अजून सापडलेली नाही.

सासूबाईंचं विचारलंत. त्यांना नणंदेकडे ठेवायचं का हे तुम्ही आणि मी ठरवण्याऐवजी त्यांनाच विचारा, पण नीट विचारा. "तुम्हाला झेपेल का?" असं विचारलं की कुठलीही हौशी बाई "झेपेल की" म्हणते. कार्यक्रम समोर ठेवा: सकाळी एवढं, दुपारी झोप, संध्याकाळी बाबुलनाथ, लिफ्ट आहे, रविवारी काही नाही. मग त्या येतो म्हणाल्या तर खुशाल न्या. आणि नेलंत तर मुलं सांभाळायला म्हणून नेऊ नका. दुपारी "आई बघतील, आपण जरा बाहेर जाऊन येऊ" हे एकदा चालेल, तेही त्यांनी स्वतः म्हटलं तर.

आता मिस्टर. माझं हे उत्तर त्यांच्यासमोर ठेवून "बघा, ताई काय म्हणतात" असं करू नका, त्यातून पुढची सहल वाईपासूनच सुरू होईल. त्यांना आखणी आवडते, ती त्यांच्याकडून काढून घेऊ नका. फक्त खेळाचे नियम बदला: एका दिवसात पक्कं ठरलेलं एकच, बाकी सगळं राखीव यादीत, आणि दुपारी एक ते चार कोरं. मग तिकिटं, खोल्यांचे फोन, बंद असण्याचे वार, मेगाब्लॉक, कुठली डबलडेकर कुठून जाते, हे सगळं त्यांच्यावर सोपवा. अशा माणसाला बंधनं दिली की तो जास्त खूश असतो. लेकीला नकाशा आणि दोनशे रुपये द्या. नकाशा बघून रस्ता तिने सांगायचा, चुकली तर चुकू द्यायची; दोनशे रुपयांचं काय घेतलं याचा हिशेब मागायचा नाही.

मोबाइलबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण पुढच्या पत्रात लिहाल. प्रवासात दिला तर दिला. सहल म्हणजे मुलांना शिस्त लावायचं शिबिर नव्हे.

आणि गर्दीचं. रोज सकाळी निघताना दोन्ही मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढा. धाकट्याच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने तोच नंबर. लेकीला तुमचा नंबर तोंडपाठ करायला लावा आणि सांगून ठेवा: हरवलीस तर शोधत फिरायचं नाही, होतीस तिथेच थांबायचं, आणि पोलीस किंवा मुलांना घेऊन आलेली एखादी बाई बघून तिला सांगायचं. मदतीचे नंबर: मोठ्यांसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८. हे घरीच, जेवताना सांगा. गेटवेला उभं राहून सांगितलं तर ती घाबरेल.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवारला जोडून क्वीनची तिकिटं लवकर संपतात, परतीची आधी. तेव्हा खोल्यांचे फोन उद्या, पण तिकिटांचं आज रात्रीच बघा, आणि परतीपासून सुरुवात करा.